कुटुंबासाठी नवं गाव निवडताना मी काय बघते

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. घरात पाच माणसं: तुम्ही दोघं, 11 वर्षांची मुलगी, 6 वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मिळकतीचा मोठा वाटा भाड्यातच जातो. मिस्टरांचं काम घरून होऊ शकतं, तुम्हाला मात्र हिशेबाच्या कामाची नवी नोकरी शोधावी लागेल. आणि तुम्ही विचारलंय, खर्च झेपेल आणि लोक आपलं म्हणतील असं गाव ओळखायचं कसं?

बदली झालेल्या किंवा स्वतःहून दुसरीकडे जाणाऱ्या कुटुंबांना घर, शाळा, दवाखाना शोधायला मदत करण्याचं काम मी 19 वर्षं करतेय. एखाद्या गावाचं नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण ते मी करणार नाही. तुमच्या ओळखीतला एखादा माणूस ज्या गावात सुखाने राहतोय, त्याच गावात तुमची सहा महिन्यांत दमछाक होऊ शकते. काय पारखायचं आणि कोणत्या क्रमाने, एवढं सांगते.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं दोन वेगळ्या ठिकाणी मिळतात. गाव परवडेल का, हे घरबसल्या कागदावर मांडता येतं. लोक सामावून घेतील का, हे तिथे जाऊन राहिल्याशिवाय कळत नाही. बहुतेक कुटुंबं नेमकं उलटं करतात. खर्चाचा अंदाज ऐकीव माहितीवर बांधतात आणि लोकांच्या स्वभावाबद्दल मात्र घरी बसून ठाम मत करून घेतात. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते इथे तंतोतंत लागू पडतं.

आधी खर्च. घरभाडं मिळकतीच्या 30 टक्क्यांच्या आत असावं, असं तुम्ही ऐकलं असेल. ही रेघ अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाड्याच्या नियमातून आली. 1969 मध्ये तिथे ती 25 टक्के होती, 1981 मध्ये 30 केली गेली. म्हणजे तो एका योजनेपुरता ठरवलेला आकडा होता, तुमच्या घराचं मोजमाप नव्हे. मला त्याहून उपयोगी वाटतो तो शिकागोतल्या ‘सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी’ या संस्थेने मांडलेला हिशेब. त्यांनी घराचा आणि प्रवासाचा खर्च एकत्र धरला आणि दोन्ही मिळून 45 टक्क्यांच्या आत हवेत असं म्हटलं. हे शहाणपणाचं आहे, कारण घर जितकं लांब तितकं भाडं कमी आणि प्रवास जास्त. एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशातून जातो.

उदाहरण करून बघू. तुमची आजची मिळकत 100 धरा. भाडं 38, प्रवास 6, म्हणजे 44. आता एक स्वस्त गाव सापडलं. भाडं फक्त 22! पण तिथे सगळं लांब लांब आहे, दोन गाड्या लागणार, म्हणून प्रवास 17. आणि तुमची नवी नोकरी आजच्यापेक्षा कमी पगाराची, त्यामुळे मिळकत 85 वर आली. 22 आणि 17 मिळून 39, आणि 85 मधले 39 म्हणजे जवळजवळ 46 टक्के. भाडं अर्ध्याच्या आसपास येऊनही तुम्ही आजच्यापेक्षा तंगीत. दुसऱ्या गावात भाडं 28, पण शाळा आणि बाजार पायी गाठता येतात, प्रवास 5, मिळकत 90. ते सुमारे 37 टक्के होतात. भाड्याच्या जाहिराती बघताना पहिलं गाव जिंकलं असतं.

या हिशेबात वेळही धरा. ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून जरा आग्रहाने सांगते. या कामात पडायच्या आधी आम्ही केवळ भाडं कमी म्हणून शहराबाहेर राहायला गेलो. कामावर जायला 70 मिनिटं, यायला 70. महिन्याचे 22 दिवस धरले तर 51 तास. आधीच्या घरातून 20 मिनिटं लागायची, म्हणजे महिन्याला 15 तासांहून थोडं कमी. दर महिन्याला 36 तास मी रस्त्यावर घालवत होते आणि त्यातला प्रत्येक तास मुलीच्या वाट्याचा होता. ती तेव्हा 14 वर्षांची होती. नव्या शाळेत तिच्याशी कुणी वाईट वागलं नाही, पण कुणी तिला आपल्यात ओढलंही नाही. मधल्या सुट्टीत ती ग्रंथालयात जाऊन बसते, हे मला चार महिन्यांनी कळलं. कळायला चार महिने लागले, कारण मी घरी पोचायचे तेव्हा ती झोपायच्या बेतात असायची. ते अजून सलतं.

मिस्टरांच्या घरून करायच्या कामाबद्दल एवढंच: ते काम उद्या थांबलं तर त्या गावापासून झेपेल अशा अंतरावर त्यांना घेणाऱ्या निदान तीन जागा आहेत का, हे बघा. तुमच्यासाठीही तेच. एकाच मोठ्या मालकावर उभं असलेलं गाव मला धोक्याचं वाटतं.

त्यातूनच पुढचा प्रश्न येतो, जो लोक विचारायला संकोचतात. हे गाव स्वस्त का आहे? स्वस्ताईला नेहमी कारण असतं. ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. कधी कारण निरुपद्रवी असतं: गाव आडबाजूला आहे, नाव झालेलं नाही, घरं जुन्या पद्धतीची आहेत. असं स्वस्त मला आवडतं. कधी कारण जिव्हारी लागणारं असतं. कारखाना बंद झाला आणि माणसं निघून चालली आहेत. दर काही वर्षांनी पुराचं पाणी शिरतं. उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. शाळेत पटसंख्या घटत चाललीय आणि वर्ग बंद व्हायच्या मार्गावर आहेत. हे कुणी जाहिरातीत लिहीत नाही. तीन माणसांना मात्र ते पक्कं ठाऊक असतं: शाळेच्या कार्यालयात बसणारा कारकून, घरदुरुस्ती करणारा कारागीर आणि विमा उतरवणारा. कारागिराला विचारा की या भागात त्याला सगळ्यात जास्त काम कशाचं मिळतं. ओल काढायचं म्हणाला, तर समजायचं ते समजा.

काही गावं तर येणाऱ्यालाच पैसे देतात. अशा बातम्या वाचून दर वर्षी कुणीतरी माझ्याकडे येतं. स्वित्झर्लंडमधल्या आल्बिनेन या डोंगरातल्या गावाने 2017 मध्ये मतदान घेऊन ठरवलं की नव्या कुटुंबातल्या प्रत्येक मोठ्या माणसामागे 25,000 आणि मुलामागे 10,000 फ्रँक द्यायचे. पण अटी वाचा. वय 45 च्या आत हवं, निदान 2 लाख फ्रँकचं घर घ्यायला किंवा बांधायला हवं आणि 10 वर्षं तिथे राहायला हवं, नाहीतर पैसे परत. मी गावाला दोष देत नाही. ओस पडत चाललेल्या गावाला माणसं टिकणारी हवीत, हे योग्यच आहे. पण पैसे मिळतात म्हणून जाणं आणि जायचंच होतं त्यात पैसे मिळाले, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

आता मुलांचं. तुमच्या मुलीचं वय वाचून मी थांबले, कारण इथे खरोखर काही ठोस सांगता येतं. 1994 पासून अमेरिकेतल्या पाच शहरांत एक मोठा प्रयोग झाला. गरीब वस्त्यांतल्या सुमारे 4,600 कुटुंबांतून चिठ्ठ्या टाकून काहींना कमी गरिबीच्या वस्तीत भाड्याने राहण्यासाठी मदत दिली गेली. पुढे राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी त्यातल्या मुलांची मोठेपणीची कमाई तपासली. 13 वर्षांच्या आत असताना जी मुलं तिथे राहायला गेली, त्यांची पंचविशीतली कमाई न गेलेल्यांपेक्षा सुमारे 31 टक्के जास्त निघाली. 13 नंतर गेलेल्यांना तसा फायदा झाला नाही, उलट थोडं नुकसानच झालं असावं असं आकडे सांगतात. जागा बदलल्याचा धक्का दोन्ही गटांना बसला, पण मोठ्या मुलांना तो भरून काढायला वर्षं पुरली नाहीत, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. तुमची परिस्थिती वेगळी आहे, तेव्हा ते 31 टक्के आपल्याला लावू नका. एवढंच घ्या की मुलासाठी घाई नाही, मुलीसाठी आहे. जायचं असेल तर येत्या वर्षा-दीड वर्षात जा, आणि एकदा गेलात की तिला पुन्हा हलवू नका. घर बदलायची वेळ आलीच, तर शाळा तीच राहील एवढ्या अंतरात बदला.

आता दुसरा प्रश्न, आपलेपणाचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

‘तिथली माणसं कशी आहेत?’ असं विचारलंत तर सगळीकडे एकच उत्तर येतं: खूप चांगली. ते खोटं नसतं. वाट विचारली तर दाखवणारी, अडचणीत धावून येणारी माणसं बहुतेक ठिकाणी असतात. पण मदत करणं वेगळं आणि सामावून घेणं वेगळं. पडलात तर उचलायला दहाजण येतात. घरच्या बारशाला बोलावतील का, हा खरा प्रश्न. म्हणून मी दुसरंच विचारते: ‘या गल्लीत शेवटी नवीन कोण राहायला आलं? आता त्यांचं कसं चाललंय?’ समोरच्याला त्या कुटुंबाचं नाव येतं का, मुलं कितवीत आहेत हे येतं का, की ‘आहेत कुणीतरी त्या कोपऱ्यावर, तीनेक वर्षं झाली’ असं म्हणतो, तिथेच मला निम्मं उत्तर मिळतं. मग त्या कुटुंबालाही भेटते. जमलं तर गाव सोडून गेलेलं एखादं कुटुंब शोधून त्यांच्याशी फोनवर बोलते. सोडून गेलेल्या माणसाला काही लपवायचं नसतं.

दुसरी खूण अशी की नव्यांच्या हाती काही जबाबदारी आहे का. पालकांच्या गटात, रहिवाशांच्या समितीत, खेळाच्या क्लबात, ग्रंथालयाच्या मंडळात गेल्या चार-पाच वर्षांत आलेलं एखादं नाव दिसतं का? सगळी नावं तीन-चार जुन्या घरांतलीच असतील, तर लोक गोड असतील, पण तुम्ही पाहुणेच राहाल.

तिसरी खूण लोकांच्या स्वभावात नसते, रस्त्यात असते. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड या नगररचनाकाराने 1960 च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला. घरं साधारण सारखीच, फरक वाहतुकीचा. दिवसाला 2,000 गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी 3 मित्र होते आणि 6.3 तोंडओळखी. 16,000 गाड्यांच्या रस्त्यावर मित्र 0.9 आणि ओळखी 3.1. मला हा अभ्यास फार जवळचा वाटतो, कारण गाव निवडूनही गल्ली चुकलेली कितीतरी कुटुंबं मी बघितली आहेत. गावाचं नाव चांगलं, लोक चांगले, पण घर भरधाव रस्त्यावर. दार उघडलं की धूळ आणि हॉर्न, मग दार बंदच राहतं. बंद दारावर कोण थाप मारणार?

एका गल्लीचं सांगते. एका कुटुंबासाठी दोन घरं बघितली होती, दोन्ही एकाच गावात, मध्ये पायी दहा मिनिटांचं अंतर. पहिलं मोठं, नवं, शिवाय भाडंही थोडं कमी. दुसरं जुनं, स्वयंपाकघर अंधारं. मी दोन्हीकडे कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला जाऊन तासभर उभी राहिले. पहिल्या गल्लीत तासाभरात अकरा गाड्या आल्या, अकरा फाटकं उघडली आणि मिटली. पायी चालणारं एकही माणूस दिसलं नाही. दुसऱ्या गल्लीत एका घराच्या पायरीवर एक आजोबा बसले होते आणि त्यांच्या शेजारी खिळ्याला किल्ल्यांचे तीन जुडगे टांगलेले होते. शाळेतून एक मुलगा आला, न बोलता त्यातला एक जुडगा काढून पळाला. थोड्या वेळाने दुसरी एक मुलगी आली, तिने दुसरा घेतला. मी विचारलं, या तुमच्या नातवंडांच्या का? म्हणाले, ‘नाही हो, आईबाप कामाला असतात, किल्ली माझ्याकडे ठेवून जातात.’ मी त्या कुटुंबाला दुसरं घर घ्यायला लावलं. स्वयंपाकघरात दिवा लावता येतो. वर्षाने गेले तेव्हा खिळ्याला चौथा जुडगा होता.

एक नाजूक गोष्ट, पण टाळून चालणार नाही. तुमची भाषा, धर्म, जात, वर्ण किंवा आडनाव त्या गावातल्या बहुसंख्यांपेक्षा वेगळं असेल, तर ‘स्वागत करणारं गाव’ तुमच्यासाठी आणि दुसऱ्यासाठी एकच असेलच असं नाही. याबद्दल गावातल्या बहुसंख्यांना विचारून उपयोग नाही. त्यांना तो अनुभवच नसतो, त्यामुळे ‘आमच्याकडे असलं काही नाही’ हे ते मनापासून सांगतात. तुमच्यासारख्याच कुटुंबाला विचारा, आणि विचारा ते ठोस: घर मिळायला किती दिवस लागले, किती ठिकाणी नाव ऐकून नकार आला, मुलाला वर्गात काय म्हणतात. असं एकही कुटुंब सापडलं नाही, तर ती माहितीही कमी महत्त्वाची नाही. जाऊ नका असं मी म्हणत नाही. मात्र पहिली वाट तुम्ही पाडणार आहात हे माहीत असू द्या, आणि तो भार 11 वर्षांच्या मुलीवर किती टाकायचा याचा विचार आधी करा.

सासूबाईंसाठी दोनच गोष्टी बघते. एक, रात्री दोन वाजता सुसज्ज रुग्णालयात पोचायला किती वेळ लागेल. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्यातला बराच वेळ तपासण्यांत जातो. त्यामुळे मी अर्धा-पाऊण तासाच्या पलीकडचं गाव वयस्कर माणसं असलेल्या कुटुंबाला सुचवत नाही. दुसरं, त्यांना कुणाच्या आधाराशिवाय पायी जाऊन बसता येईल आणि रोज तीच चार माणसं भेटतील अशी जागा आहे का. भाषा वेगळी असेल तर ही दुसरी गोष्ट पहिल्याइतकीच गंभीर होते.

म्हणजे आतापर्यंतचा क्रम असा: मिळकत, भाडं आणि प्रवास एकत्र मांडून चार-पाच गावं उरवायची, स्वस्ताईचं कारण शोधून त्यातली दोन ठेवायची, आणि त्या दोन गावांत गाव न बघता गल्ल्या बघायच्या. त्यासाठी तिथे जाऊन राहायला हवं. सुट्टीत नको. सुट्टीत सगळी गावं देखणी दिसतात. कामाचा एक पूर्ण आठवडा राहा, शक्य तर त्या गावाच्या सगळ्यात वाईट हवामानात. मिस्टरांनी तिथूनच काम करावं, म्हणजे संध्याकाळी सगळे घरी आल्यावर इंटरनेट कसं चालतं ते कळेल. तुम्ही नोकरीच्या मुलाखती देऊन बघा. मुलीला शाळा दाखवायला न्या, आणि शक्य असेल तर एक दिवस वर्गात बसू द्या.

आणि घर विकत घेऊ नका, निदान वर्षभर तरी नाही. कितीही आवडलं, कितीही स्वस्त मिळत असलं तरी. हा एकच नियम मी कुणासाठीही मोडत नाही. भाड्याचं घर चुकलं तर दोन महिन्यांत दुसरी गल्ली गाठता येते. विकत घेतलेलं चुकलं, आणि तेही जिथे घरं विकली जात नाहीत म्हणूनच स्वस्त आहेत अशा गावात, तर अडकलात. निघण्यापूर्वी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून ठेवा आणि तो सामान हलवण्याच्या खर्चात धरू नका.

पहिल्या वर्षाबद्दल एक सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही खचणार नाही. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुकतंच घर बदललेल्या लोकांना नव्या ओळखींबद्दल विचारलं. तोंडओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तास एकत्र घालवावे लागतात, आणि जिवाभावाची व्हायला 200 हून जास्त, असा त्यांचा अंदाज निघाला. आठवड्याला दोन तास कुणाबरोबर घालवलेत तर 50 तासांना सहा महिने लागतात. तिसऱ्या महिन्यात ‘इथे आपलं कुणी नाही’ असं वाटणं म्हणून अगदी स्वाभाविक आहे. गाव चुकलं असं त्यावरून ठरवू नका. मात्र ते तास आपोआप साठत नाहीत. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्याच माणसांबरोबर काहीतरी करा: गाणं, खेळ, वाचनालय, काहीही. प्रत्येकाने एक. आणि पहिल्या पंधरवड्यात शेजाऱ्यांकडे काहीतरी मागा. शिडी, पाना, चांगल्या डॉक्टरचा पत्ता. स्वतःचं सगळं स्वतः भागवणाऱ्या घराकडे जायला शेजाऱ्याला निमित्त उरत नाही.

आता तारखेचं. मुलीचं शाळेचं वर्ष संपायला किती महिने उरलेत ते मोजा आणि तिथून उलट मागे या. शेवटचे दोन महिने सामान आणि दाखले यांत जातात. त्याआधीचे दोन नोकरी पक्की करण्यात. त्याच्याही आधी दोन गावांत एकेक आठवडा. आठ महिन्यांहून कमी उरले असतील, तर सगळं एका वर्षात कोंबू नका, पुढच्या वर्षाअखेरचा बेत करा. मुलगी तेव्हाही 13 च्या आसपासच असेल. आणि त्या आठवड्याला सासूबाईंना सोबत न्या. आपण दोघं बघून येऊ, त्यांची कशाला दगदग, असं सगळे म्हणतात. पण तुम्ही दोघं कामात आणि मुलं शाळेत असताना दिवसभर त्या गल्लीत त्याच राहणार आहेत. चौथ्या दिवशी त्यांना विचारा, इथे कुणाकुणाशी बोललात? त्यांनी दोन नावं सांगितली, तर मला कळवा. पुढचं घर शोधायचं काम मग आपण मिळून करू.